सातपायरीतून कोणी निघत नाही

१

एकटा जीव सदाशिव म्हणतात ना, तसा योगराज बाविस्कर. चाळिशीला टेकलेला, लग्न राहून गेलेलं, आईबाप एकामागोमाग गेलेले. जळगावात दोन खोल्यांचा फ्लॅट, त्याला बहुतेक वेळ बाहेरून कुलूप. विद्यापीठात त्याचं पीएच.डी.चं काम चालू होतं आणि विषय असा, की नाव घेताना मधे एकदा श्वास घ्यावा लागायचा: शहरांची वाढ आणि आपत्तीतून सावरण्याची क्षमता. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले जुने सोबती विचारायचे, "म्हणजे काय रे भो?" तो सांगायचा, "पूर आला, की कोणती वस्ती लवकर उठून उभी राहते ते बघायचं." ते म्हणायचे, "त्यात काय बघायचं? ज्याच्या घरात माणसं जास्त, तो उठतो. तुझ्यासारख्याला कोण उठवणार?" आणि खो खो हसायचे. योगराजही हसायचा. पण लागायचं त्याला, आणि लागलेलं तो कोणाला दाखवायचा नाही.

आषाढात तो एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला आला आणि पांझरेच्या काठी सातपायरी नावाच्या वस्तीत खोली घेऊन राहिला. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आता कुठे दिसत नाहीत. त्यांच्यावर काँक्रीटचा रस्ता झाला, नाव तेवढं उरलं. काही वर्षांपूर्वी पांझरेला मोठा पूर आला होता. भोंगा वाजला तशी शेजारच्या वस्त्यांतली माणसं पोरंबाळं घेऊन चढावरच्या शाळेत जाऊन बसली. सातपायरीतून मात्र एकही माणूस निघालं नाही. भोंगा ऐकू गेला होता. वेळ होता. वर जायला सरळ रस्ता होता, रस्त्याच्या टोकाला टेम्पो उभा होता. तरी सगळे घरात बसून राहिले, आणि पाणी ओसरल्यावर त्यातली बरीच जणं सापडली ती घरातच.

का निघाली नाहीत? एवढाच प्रश्न योगराजला सोडवायचा होता. त्याच्या मार्गदर्शक सुलक्षणा मॅडम निघताना म्हणाल्या होत्या, "बाविस्कर, याचं उत्तर आणलंत तर पुढच्या पुरात माणसं वाचतील. नुसत्या पदवीचं काम नाही हे." ते वाक्य त्याने मनात जपून ठेवलं होतं. आपल्या कामावाचून कोणाचं अडतं, हे त्याला पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं.

खोली सुंदरअक्कांच्या घराला लागून होती. एक खाट, कोपऱ्यात मोरी, एक खिडकी, आणि दार चढाच्या रस्त्याकडे. सकाळी अक्कांकडचा चहा, मग खांद्याला झोळी टाकून घरोघर फिरायचं, दुपारी खोलीवर येऊन पोळीभाजी करायची, संध्याकाळी परत फिरायचं. असा त्याचा दिवस. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि कोणाला सांगण्यासारखंही.

२

पहिलं घर नवलचं. भाजीची हातगाडी लावतो तो. ओट्यावर नवल, त्याची बायको, म्हातारी आई आणि कडेवरचं पोर.

"घरात किती माणसं?" योगराजने विचारलं.

"पाच," नवल म्हणाला.

"पाचवं कोण?"

"शे ना घरमा."

योगराजने पाच लिहिलं. घरात आहे म्हणाला, तरी भाऊ सुरतेला कामाला असेल. इकडे घरटी एक जण सुरतेला असतोच, आणि आई त्याला घरातच धरते. एवढं न कळायला तो काही पुण्याचा नव्हता.

पण दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. समोर दिसतील, शाळेत असतील, कामावर असतील ते सगळे धरले तरी सांगितलेला आकडा एकाने जास्त भरायचा. नाव विचारलं की लोक त्याच्याकडे बघत राहायचे. "नाव कसाले पाहिजे? घरना शे." वय विचारलं की हसायचे. बोलवा म्हटलं की म्हणायचे, "तो बाहेर येत नही."

लपवाछपवी नव्हती बरं का, आणि तेच त्याला टोचायला लागलं. लपवणारं माणूस डोळे चुकवतं, विषय बदलतं. ही माणसं चहा गाळता गाळता सांगायची, पाणी आलं का नळाला, तितक्या सहज. आणि मग त्याच्या लक्षात यायला लागलं, की प्रत्येक घरात मधल्या खोलीचं दार थोडं लोटलेलं असतं. पुरतं बंद नाही, पुरतं उघडं नाही. पोरं ओरडत-भांडत अंगणातून आत धावत येतात, त्या दाराशी आली की आवाज खाली आणतात आणि पुढे गेली की पुन्हा ओरडतात. कोणी त्यांना दटावत नाही.

योगराजच्या मनात पाल चुकचुकली. पण शिकलेला माणूस पालीचं ऐकतो थोडंच? त्याने डोकं चालवलं, आणि त्याला एक उत्तर सापडलं. सापडलं तसा आनंदाने त्याने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, या लोकांकडे घराघरांत अंथरुणाला खिळलेलं एक माणूस आहे. त्याला उचलून नेता येत नाही म्हणून बाकीचे जागचे हलत नाहीत!"

"घराघरांत?" मॅडम म्हणाल्या. "एकूणएक घरात? अहो, ती वस्ती आहे का दवाखाना?"

"पण मॅडम—"

"तुम्ही एक तरी डोळ्यांनी पाहिलंत का?"

"नाही."

"मग आधी पाहा. उत्तर आपल्याला आवडलं, की ते खरं वाटायला लागतं."

३

भिकुबाईचा मुलगा वना मार्केट यार्डात हमाली करायचा. म्हातारी दिवसभर घरात एकटीच असायची. तिच्या तोंडचा हिशेब मात्र तीन माणसांचा होता.

"आजी, मला त्या तिसऱ्याला भेटायचंय," योगराज म्हणाला. "त्रास देणार नाही. नुसतं बघतो."

भिकुबाई लसूण सोलत होती. हातातलं सूप तिने बाजूला ठेवलं. "दख ना मंग. पन हळू बोल."

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दुसरं दारही नव्हतं. आत अंधार म्हणावा तर अंधार नव्हता, भर दुपारचा तो मळकट उजेड दाराच्या फटीतून पसरला होता. सुंभाची खाट होती. तिच्यावर गोधडी अर्धी सरकवलेली, माणूस नुकताच पाय खाली टाकून उठतो तशी. उशाला डोक्याएवढा खळगा. खाली जमिनीवर ताटलीत भाकरीचा कोर आणि पाण्याचा पेला.

योगराजने गोधडीवर हात ठेवला. ऊब होती.

म्हातारी झोपत असेल इथे, त्याने स्वतःला सांगितलं. पण म्हातारी सकाळपासून ओट्यावर होती, हे त्याने येताजाता स्वतःच पाहिलं होतं. मांजर असेल. मांजराला कोणी उशी देतं का? वना जेवायला येऊन गेला असेल. वना अंधार पडल्याशिवाय परतत नाही. एकेक कारण तो पुढे करत गेला आणि एकेक त्याच्याच हातून गळत गेलं.

"दखं का?" भिकुबाईने दारातून विचारलं.

"इथे कोणी नाही, आजी."

म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटलं. रागाने नाही पाहिलं तिने. कीव केली.

"एकलाच ऱ्हास ना तू," ती म्हणाली. "घरमा कोनी ऱ्हावानी तुले सवयच नही."

तो बाहेर आला. दार पहिल्यासारखं लोटून घ्यावं म्हणून त्याने कडीला हात घातला, आणि त्याच्या पाठीमागे खाटेचं सुंभ करकरलं. कोणी कूस बदलली, की करकरतं तसं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, हे त्याला मॅडमना कधीच सांगता आलं नसतं. संशोधक होता ना तो? पाहण्यासाठीच तर आला होता.

४

आपल्या खोलीत काही वेगळं आहे हे त्याला नक्की कधी कळलं, ते सांगता यायचं नाही. अशा गोष्टी दवंडी पिटून येत नाहीत.

दुपारी कुलूप काढून आत यावं, तर बंद खोलीला येतो तो कुबट वास नसायचा. कोणी नुकतंच चहा करून प्यालंय असा वास असायचा. पंखा बंद करून गेलेलं पक्कं आठवायचं, आणि पाती मंद मंद फिरत थांबायला आलेली असायची. मोरीतली फरशी ओली. योगराज म्हणायचा, नळ गळतो. नळाला वायसर बसवून घेतलं. फरशी ओलीच. मग म्हणायला लागला, पावसाळा आहे, दमट हवा आहे. कारणांना काय तोटा?

सगळ्यांत जास्त ऐकू यायचं ते घसा खाकरणं. बोलायला तोंड उघडण्याआधी माणूस खाकरतो, तेवढंच. तो टॅबवर आकडे भरत बसलेला असायचा आणि खाटेच्या बाजूने तो आवाज यायचा. पुढे काही बोलणं नाही. त्याने भिंतीला कान लावून पाहिला. पलीकडे झुलाल नाना, अक्कांचे यजमान, खाकरत असतील. पण नाना तर समोर ओट्यावर पेपर वाचताना खिडकीतून दिसत होते.

आता तुम्ही म्हणाल, असं झालं तर माणूस पहिल्या एसटीने परत जाईल. माणसांनी भरलेल्या घरातून आलेला गेलाही असता. योगराजचं तसं नव्हतं. रोज कुलूप काढताना तो दाराशी घुटमळायचा हे खरं, पण ते कुलूप काढण्याची तो सकाळपासून वाट बघायला लागला होता हेही तितकंच खरं. स्वयंपाक करताना तो मोठ्याने बोलायला लागला. आज नवल काय म्हणाला, टॅब कसा अडकला, भेंडी कशी महाग झाली. पूर्वी जळगावच्या फ्लॅटात तो दोन दोन दिवस तोंड उघडायचा नाही. फोन आला की आधी घसा साफ करावा लागायचा.

एकदा तर त्याने चहा दोन कपांत ओतला. ओतून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. दुसरा कप त्याने मोरीत ओतून द्यायला उचलला, मग तसाच खाटेशेजारी ठेवला आणि पाठ करून बसला. बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. नुसतं वेड लागलं असेल तर ते पाठ करून बसल्यावर जाईल. आणि वेड नसेल, तर चहा निवायला नको.

५

श्रावण लागला, नागपंचमी झाली आणि सातपायरीत कानबाई देवीच्या सणाची धांदल उडाली. घरं चुन्याने उजळली, सुरतेचे, नाशिकचे भाऊबंद पिशव्या घेऊन उतरले. नवलचा भाऊही आला. योगराजने मुद्दाम जाऊन विचारलं, "आता तर सगळे आले. आता किती माणसं घरात?" नवलने भावाला धरून मोजलं. आकडा पुन्हा एकाने जास्तच आला.

अक्कांनी त्याला सकाळीच हाक मारली. "ये रे भाऊ, रोटना गहू काढतस. बस आठे."

कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू खानदेशात मापाने काढत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. आणि ते रोट खायचे घरच्यांनीच, बाहेरच्याला त्यातला कणही जात नाही. योगराजला हे लहानपणापासून ठाऊक होतं. आई होती तोवर त्यांच्याकडेही दोन मुठी निघायच्या, बापाची आणि त्याची. ती गेल्यावर कोणी काढल्या नाहीत.

अक्का पाटावर बसल्या. सून पुनमने परात पुढे ठेवली. झुलाल नानांची मूठ पडली, मुलाची म्हणजे प्रेमराजची पडली, नातवाची पडली, सुरतेच्या दिराची पडली. मग एक मूठ अक्कांनी काही न बोलता टाकली आणि मधल्या खोलीकडे बघून पदर सारखा केला. योगराजने मान खाली घातली.

"हाई तुनी," अक्का म्हणाल्या.

"माझी?" तो गोंधळला. "अक्का, मी भाडेकरू."

"घरमा ऱ्हास ना? मंग घरनाच शे. भाडं नको सांगू माले!"

पुनम हसली, नाना हसले. योगराजचे डोळे भरून आले आणि त्याला ते लपवता आले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला गव्हाच्या मुठीवरून रडू यावं! पण आलं. आपण कुठेतरी मोजले गेलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

तो डोळे पुसतो आहे तोच अक्कांनी आणखी एक मूठ उचलली, आणि वर पाव मूठ.

"ही कोणाची?"

"तुना खोलीमा शे त्यानी."

"अक्का," तो सावकाश म्हणाला, "माझ्या खोलीत कोणी नाही."

पुनमचा हात परातीवर थांबला. नातू खेळता खेळता गप्प झाला. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आसं बोलू नही, भाऊ," ते हळूच म्हणाले. "मन दुखस."

६

कानबाई सोमवारी विसर्जनाला नदीवर पोचवली. त्या दुपारी अक्कांनी त्याला ताट दिलं. दोन जणांचे रोट, गंगाफळाची भाजी, खीर. योगराजने आपल्या वाटचं अक्कांच्या ओट्यावरच बसून खाल्लं. उरलेलं ताट खोलीत नेऊन खाटेवर ठेवलं, वर फडकं टाकलं, बाहेरून कुलूप घातलं आणि तो वाचनालयात जाऊन बसला. हा त्याचा प्रयोग होता. इतक्या दिवसांत त्याने केलेलं हेच एक शहाण्या माणसाचं काम, असं त्याला वाटत होतं.

परत येऊन कुलूप काढलं. ताट खाटेवर नव्हतं. मोरीत घासून, धुऊन, भिंतीला पालथं लावून ठेवलं होतं. फडकं पिळून दोरीवर वाळत घातलेलं होतं.

मांजर खातं, उंदीर खातात. ताट घासून कोणी पालथं घालत नाही.

तो खाटेच्या कडेवर बसला. बाहेर पाऊस नव्हता, आभाळ मात्र भरून आलं होतं. रस्त्यावर सायकलची घंटी वाजून गेली. मग आपल्याच तोंडून निघालेलं वाक्य त्याने ऐकलं.

"आवडलं का?"

मोरीतल्या बादलीची कडी वाजली. एकदाच.

खरं सांगायचं तर, भीती वाटायच्या आधी त्याला बरं वाटलं. घरातल्या माणसाने जेवण आवडलं म्हणून सांगावं आणि बरं वाटावं, तसंच साधं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. भिकुबाई सवयीबद्दल बोलली होती. त्याला सवय लागत चालली होती! आपला प्रश्न सुटला हे त्याला तिथे, त्या खाटेवर बसल्या बसल्या कळलं. ही माणसं का निघत नाहीत, ते त्याला आता कोणी सांगायला नको होतं. आजच निघालो नाही, तर भोंगा वाजेल तेव्हा आपणही निघणार नाही.

त्याने मॅडमना फोन लावला. "मी परत येतोय. उद्या सकाळीच."

"उत्तर मिळालं?"

"मिळालं बहुतेक. पण लिहिता येणार नाही."

"आवाज बरा नाही तुमचा. या परत, लिहिण्याचं नंतर बघू. तब्येत सांभाळा, एकटे असता तुम्ही."

"हो ना," योगराज म्हणाला, आणि त्याच्या पाठीमागे कोणीतरी घसा खाकरलं.

"अरे, कोणी आलंय का तुमच्याकडे?" मॅडम म्हणाल्या. "मग ठेवते मी. उद्या बोलू."

फोन बंद झाला. म्हणजे तो आवाज त्यांनाही ऐकू गेला होता.

७

सकाळी त्याने बॅग भरली. वर साक्रीकडे रात्रभर कोसळल्याचं नाना सांगत होते. इथे थेंब नव्हता, पण पांझरा लाल झाली होती आणि तिचा आवाज बदलला होता. योगराजने खाटेकडे न बघता खोली आवरली. निघतो असं तो बोलला नाही. बोललं तर उत्तर येईल याची त्याला धास्ती होती. कुलूप घालताना हात अडखळला. आत कोणी आजारी असावं आणि आपण बाहेरून कुलूप ठोकावं, असं काहीतरी मनात आलं. ते त्याने झटकलं आणि किल्ली फिरवली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

आधी एक लांब सूर, मग तुटक तुटक. धरणाचं पाणी सोडलं होतं. लाउडस्पीकरची गाडी चढावरून ओरडत होती, खालच्या लोकांनो, ताबडतोब वर या, ताबडतोब वर या. शेजारच्या वस्तीतून माणसांचा लोंढा निघालेला दिसत होता. सातपायरीत मात्र दारं उघडली आणि माणसं ओट्यांवर येऊन बसली. रस्त्याकडे नाही, घराकडे तोंड करून.

"अक्का, चला!" योगराज धावत गेला. "नाना, भोंगा वाजतोय! पुनम, बाळाला घे!"

"वाजू दे," नाना म्हणाले.

"अहो, मरायचंय का?"

"आम्ही बठ्ठा आठेच शेतस ना," अक्का म्हणाल्या. सगळे इथेच आहेत म्हटल्यावर जायचं कुठे, असा त्यांचा चेहरा शांत होता. "घरनं मानूस मांगे टाकीसन कसं निंघानं रे भाऊ?"

त्याने पुनमचा हात धरून ओढला. तिने ओढून घेतला. ती रडत होती, घाबरलेली होती, पोराला छातीशी आवळून होती, पण उठत नव्हती. मधल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे तिची नजर होती. "भाऊ, तुम्ही जा," ती म्हणाली. "तुम्हाले तं जाता येस."

खाली रस्त्याच्या तोंडाशी पाणी दिसायला लागलं. योगराज पळाला. भित्रा म्हणा, शहाणा म्हणा, पण पळाला. भिकुबाईच्या ओट्यावरून, नवलच्या हातगाडीला धडकून, ओरडत, हाका मारत तो चढ चढला. एकही माणूस त्याच्यामागे आलं नाही. टेम्पोपाशी पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता. मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुलींपैकी एकीने, दिपमालाने, त्याला हाताला धरून कठड्यावर बसवलं आणि पाणी दिलं.

"सर, सातपायरीतून तुम्ही एकटेच?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. वाचलो, असं तो मनात म्हणत होता. वाचलो. उद्या या वेळी जळगाव. फ्लॅटचं कुलूप, बंद खिडक्या, टेबलावर धूळ.

"बाकीच्यांना आम्ही आणायचा प्रयत्न करतो," दिपमाला म्हणाली. "पण तुमच्या घरात? तुमच्या मागे कोणी राहिलं का?"

"नाही," तो म्हणाला आणि त्याने खाली पाहिलं.

रस्ता सरळ उतरत गेला होता. टोकाशी लाल पाणी हळूहळू चढत होतं. अक्कांच्या घराशेजारचं त्याचं दार उघडं होतं. कुलूप त्याने स्वतः घातलं होतं, किल्ली अजून त्याच्या मुठीत रुतत होती, आणि दार सताड उघडं होतं. चौकटीला हात लावून कोणीतरी उभं होतं. चेहरा दिसण्याइतकं जवळ नव्हतं ते. हालत नव्हतं, हाक मारत नव्हतं. मान थोडी पुढे काढून चढाच्या दिशेने बघत होतं. घरचं माणूस बाहेर गेलं आणि यायला उशीर झाला, की दारात उभं राहून बघतात, तसं.

योगराजच्या आयुष्यात त्याच्यासाठी असं कोणी दारात उभं राहिलं नव्हतं.

तो उठला.

"सर?" दिपमालाने त्याच्या बॅगेचा पट्टा धरला. "सर, कुठे? पाणी आलंय!"

"एक जण राहिलाय," तो म्हणाला.

त्याने पट्टा खांद्यावरून सोडवला आणि बॅग तिच्या हातात राहिली. ती ओरडली, टेम्पोवाल्याला हाक मारली, चार पावलं मागे धावलीही. योगराजने तिच्याकडे पाहिलं नाही. तो पळत नव्हता, भेलकांडत नव्हता. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं तसं त्याने एका हाताने पँट वर धरली, आणि उशीर झाला म्हणून जरा घाईने, घराकडे उतरत गेला.